सुटली म्हनायचं ऱ्हायलं

लदाखच्या रस्त्याची यादी मी लिवली. ह्येंचं अक्षर ह्येंनाच लागत न्हाय. गॅरेजात गिऱ्हाइकाच्या गाडीचं काम कागदावर लिवून ठिवत्यात आनि दुसऱ्या दिवशी मलाच फोटू पाठवत्यात, बग गं ह्ये काय लिवलंय मी. मी नववीपतूर शिकले, फुडं लगीन झालं, पन अक्षर माजं गोल हाय. म्हनून गेल्या वर्सी फेब्रुवारीत एका रविवारी ह्ये आनि त्येंचे दोन दोस्त आमच्या खोलीत सतरंजीवर मोबाईल घिऊन बसले आनि मला म्हनले, आमी सांगतो तसं लिवत जा. लेक पाच म्हैन्याची मांडीवर, एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं मी लिवत व्हते.

दोस्त दोन. एक टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायजर, घरी तेलुगू बोलनारा, लई हसवनारा. दुसरा शाळेत क्लार्क, त्यो धा वाक्यात एक बोलतो. तिगांचा बेत असा की जूनमदी तीन गाड्या काडायच्या, सोलापूर सोडून वर वर जात मनाली गाठायची, आनि मनालीच्या फुडं डोंगरातनं लेह. तिकडचा बर्फ उनाळ्यातच वितळतो, तवाच रस्ता उगडतो, म्हनून जून.

त्ये नावं सांगत गेले. केलाँग. बारालाचा ला. सर्चू. नकी ला. लाचुंग ला. पांग. तांगलांग ला. मी लिवत गेले. मंग टॉवेलवाल्यानं वही वडून वाचली आनि त्येला हसू आवरंना. मी समदं जोडून लिवलं व्हतं, आपन बार्शीला टेंभुर्णीला लिवतो तसं. नकीला जायचं, मंग लाचुंगला जायचं, मंग तांगलांगला.

"वैनी, ला म्हंजे खिंड," त्यो म्हनला. "गाव न्हाय त्ये. तितं कोन ऱ्हात न्हाय."

"मंग तितं जाऊन करायचं काय?"

"फोटू काडायचा आनि पळायचं. थांबायला हवाच न्हाय."

"हवा न्हाय म्हंजे?"

"हाय, पन निम्मी. हितं एक घोट घेता, तितं दोन घ्यावं लागत्यात."

ह्येंनी त्येच्याकडं बगितलं, गप म्हनल्यासारकं. पन माज्या कानावर पडलं त्ये पडलं.

मला ल्हानपनापासनं दमा हाय. धूर लागला, फोडणी करपली, शेतात पाचट पेटवलं की छातीत कुनीतरी गाठ मारल्यागत व्हतं. पंप वडायचा, खिडकीत बसायचं, खांदे वर करून हवा आत घ्यायची, आनि हवा येत न्हाय. भाईर ढीगभर हवा असती, झाडं हालत असत्यात, दोरीवरची कापडं उडत असत्यात, आनि आपल्याला घोटभर मिळत न्हाय. बाळंतपनात तर मला ऑक्सिजन लावला व्हता. नर्सनं मास्क काडला की मी हातानं वडून पुन्हा तोंडावर घ्यायची, शेवटी ती माज्यावर रागावली. म्हनून निम्मी हवा म्हंजे काय त्ये त्या तिगांपेक्षा मला जास्त कळत व्हतं. त्येंनी त्ये मोबाईलवर वाचलं व्हतं.

यादीच्या खाली सामान लिवलं, त्यात ऑक्सिजनचा डबा, दोन. टॉवेलवाला म्हनला, एक बास की वैनी. मी दोनच ठिवलं.

हितं एक गोष्ट सांगायला पायजे. ह्या लेकीच्या आदी आमाला एक मुलगा झाला व्हता. दवाखान्यातनं घरी आनला, पाचवी पुजली, आनि पाचवीच्या तिसऱ्या दिवशी त्यो दूध प्यायचा थांबला. आठ दिवसांचा गेला. त्येच्यावर घरात कोन बोलत न्हाय. आत्या, म्हंजे माज्या सासूबाई, त्येंनी त्याची अंगडी-टोपडी कुटं ठिवली त्ये मला आजून ठावं न्हाय, मी इचारलं बी न्हाय. पन तवापासनं लेकराच्या नावानं कायबी बोलायचं झालं तर आमच्या घरात माणसं जीभ आवरून बोलत्यात. शेजारनीनं लेकीला गोड म्हनलं तरी आत्या मीठ-मोहऱ्या उतरून टाकत्यात. ह्ये तसे देवाधर्माचे न्हाईत, इंजिनावर इश्वास ठिवनारे, पन मीठ-मोहऱ्या उतरताना त्ये बी गप उभे ऱ्हात्यात.

मे म्हैन्यात मी माहेरी गेले. माजं माहेर उजनीच्या पान्याकाठी, वडलांची केळीची बाग हाय, आनि गावात मासळीचा धंदा. सकाळी होड्या येत्यात, चिलापी मोजून बर्फात भरत्यात आनि टेम्पोनं पाठवत्यात. माजा भाऊ त्या बर्फाच्या खोलीवर असतो. ह्ये मला सोडायला आले त्ये थंडीचं समदं सामान गाडीला बांदूनच आले, जॅकेट, लोकरीचे हातमोजे, कानटोपी. म्हनले, सोलापुरात थंडीची परीक्षा कुटं घ्यायची, तुमच्या बर्फात बसून बगतो.

आनि बसले की. दोन लाद्यांच्या मदी उलटा डबा टाकून, हातात क्लचची तार घिऊन. तितल्या थंडीत तार तुटली तर गारठलेल्या बोटांनी ती बदलता आली पायजे, त्येची सवय करत व्हते. दारात होडीवाले जमले.

"दाजी, लदाखला चाललाय का चिलापीसंगं टेंभुर्णीला?" एकजन म्हनला.

माजा भाऊ म्हनला, "ऱ्हाऊ द्या, त्येंना बी वजन करूनच भरतो."

"खवलं काडायची का आदी?"

ह्ये आतनं म्हनले, "दार लावा रं, थंडी चाललीय भाईर."

समदे हसले, मी बी हसले. लेकीला काखेत घिऊन मी फटीतनं बगत व्हते. त्येंची बोटं पांढरी पडत चालली, तार दोनदा निसटून खाली पडली, तिसऱ्यांदा बसली. मी बोटांकडं न्हाय, छातीकडं बगत व्हते. त्येंना दम लागतोय का. न्हाय, छाती साधीच खालीवर व्हत व्हती.

भाईर आले तवा ओठ निळे, दात वाजत्यात, आनि तोंडावर असलं हसू की मी लग्नातबी बगितलं नव्हतं. पान्याच्या काठाला उनात बसलो. मी म्हनलं, अवो, येवडं काय हाय हो तितं.

त्येंनी बोटं काखेत दाबली. मंग म्हनले, "धा वर्सं झाली, दुसऱ्यांच्या गाड्या धुतोय. लदाखहून गाडी आली की मडगार्डात माती निगती. आपल्यासारकी काळी न्हाय, चिकट न्हाय. पिठासारकी राखाडी. बोटावर घेतली की फुंकर न मारता उडून जाती. मला त्या मातीत एकदा माजी गाडी हुबी करायचीय. फोटू न्हाय काडला तरी चालंल."

"आनि हितं मला काय झालं तर?"

"आई हाय की घरात. धा मिंटावर दवाखाना हाय."

"आनि तुमाला काय झालं तर?"

त्येंनी लेकीला माज्याकडनं घेतलं आनि आपला गार हात तिच्या गालाला लावला. ती दचकली, मंग हसली, मंग ह्ये बी हसले.

सोलापूरला परत आलो. जायला आठ दिवस ऱ्हायले व्हते. कोपऱ्यात बॅगा भरून ठिवलेल्या, गाडीला मागं लोखंडी कॅरेज लावलेलं, गॅरेजच्या मालकानं सुटी दिलेली. मला रोज सकाळी उठल्या उठल्या त्या बॅगा दिसायच्या. भाजी चिरताना दिसायच्या, लेकीला पाजताना दिसायच्या. मी मोबाईलवर तिकडचे व्हिडिओ बगायची, रस्त्याच्या कडंला कठडा न्हाय, खाली नदी दोऱ्यायेवडी, आनि एका व्हिडिओत एक मानूस दगडावर बसून तोंड उगडून हवा घेत व्हता आनि त्याचे दोस्त त्याला हसत व्हते. त्यो व्हिडिओ मी किती येळा बगितला त्ये मला सांगता येनार न्हाय.

मंग त्यो दिवस. दुपारची वीज गेलेली, पत्र्याची खोली, आत्या रेशनला गेलेल्या. मागच्या बोळात कुनीतरी कचरा पेटवला, त्यात रबर-प्लास्टिक काय असंल त्ये, काळा धूर खिडकीतनं आत आला. मी खिडकी लावायला उठले आनि तितंच बसले. पंप वडला तर त्यो संपलेला, नुसती फुस्स. लेक झोळीत रडाय लागली. झोळी माज्यापासनं दोन हातावर, आनि मला त्ये दोन हात सरकता येईना. ह्येंना फोन लावला, बोलता आलं न्हाय, नुसती शिट्टीसारकी छाती वाजली. त्येंना त्ये कळलं.

त्ये आले, येताना नवा पंप घिऊनच आले. दोनदा दिला, तीनदा दिला. लेकीला काखेत घेतलं, मला भितीला टेकवून बसवलं, वहीनं वारा घालत ऱ्हायले. हळूहळू दम उतरला. हितपतूर समदं खरं हाय.

फुडचं मी लई दिवस कुनाला सांगितलं नव्हतं. दम उतरला व्हता. हवा यायला लागली व्हती, पार बेंबीपतूर जात व्हती. पन माजी नजर कोपऱ्यातल्या बॅगांवर गेली, आनि मी खांदे वर करून तशीच वडत ऱ्हायले. शिट्टीचा आवाज काडत ऱ्हायले. मला येतो की त्यो आवाज, जलमभर काडलाय. ह्येंचा हात धरला आनि लेकीच्या डोस्क्यावर ठिवला. तिची टाळू आजून भरली नव्हती, ह्येंच्या हाताखाली ती उडत असंल.

म्हनलं, "म्हना. जानार न्हाय. लेकराची शपथ."

त्याच येळेला आत्या दारात आल्या. आत्या अक्कलकोटाकडच्या, भ्याल्या की त्येंच्या तोंडातनं कानडीच येतं. "ब्याड, ब्याड," नको नको म्हनत आत धावल्या, रेशनची पिशवी उंबऱ्यातच पडली. आमच्यात लेकराच्या डोस्क्यावर हात ठिवून शपथ कोन घेत न्हाय. घरात एक लेकरू गेलेलं असताना तर न्हायच न्हाय. ह्ये मला ठावं नव्हतं असं न्हाय. ठावं व्हतं म्हनूनच मी ती घातली.

पन तवर ह्येंनी म्हनलं व्हतं. हळूच म्हनले, "जानार न्हाय. लेकराची शपथ." आनि माज्याकडं बगत ऱ्हायले.

दोस्तांना त्येंनी येवडंच सांगितलं की घरी बरं न्हाय. टॉवेलवाला यिऊन आमच्या उंबऱ्यात बसला, म्हनला, "वैनी, मंग तुमी बी चला की मागं बसून, लेकीला टाकीवर बसवू." कुनी हसलं न्हाय, त्यो बी मंग चप्पल बोटानं हालवत बसला. जायच्या सकाळी आमी त्येंना सोडायला तुळजापूर नाक्यापतूर गेलो. ह्येंच्याच गाडीवर गेलो, मागं त्ये कॅरेज तसंच लावलेलं, त्येच्यामुळं मला नीट बसता येत नव्हतं, लेकीला घट धरून बसले. नाक्यावर ह्येंनी दोगांच्या चेनी तपासल्या, ब्रेक तपासले, आपलं जॅकेट क्लार्कला दिलं, क्लचच्या दोन तारा टॉवेलवाल्याच्या बॅगेत घातल्या आनि त्येला कशी बसवायची त्ये पुन्हा दाखवलं. तुळजापूरला देवीच्या पाया पडून फुडं जानार व्हते त्ये. गाड्या वळनावर दिसायच्या बंद झाल्या तरी ह्ये तितं हुबे. मी म्हनलं, चला की, लेकीला ऊन लागतंय. म्हनले, व्हय, चल.

घरी आल्यावर त्येंनी पाना घेतला आनि कॅरेज खोललं.

रागावले असते तर बरं झालं असतं. त्ये रागावले न्हाईत. रोज कामावर गेले, रोज यिऊन लेकीला खेळवलं. मला तीन पंप आनून दिले, एक फळीवर, एक झोळीपाशी, एक आत्याच्या पिशवीत. दोस्तांचे फोटू यायचे, त्ये बगायचे आनि मोबाईल माज्याकडं द्यायचे, बग, ह्यो रस्ता आपन लिवलेला. आत्या मातूर माज्याशी चार दिवस बोलल्या न्हाईत. पाचव्या दिवशी बोलल्या त्ये बी, पीठ संपलंय येवडंच.

एक दिवस दुपारी ह्ये जेवायला घरी आले व्हते. टॉवेलवाल्याचा फोन आला, लेहमदनं. त्याची गाडी जुनी. सकाळपासनं चालू व्हतीय आनि बंद पडतीय, वर चढायचं नाव घेत न्हाय. ह्ये ताटावरनं उठले आनि अंगनात गेले.

"मोबाईल इंजिनापाशी धर. आनि तू गप. बोलू नको, मला ऐकू दे."

डोळे मिटून हुबे ऱ्हायले. डोस्क्यावर आपल्या सोलापूरचं ऊन, हाताला भाकरी-कालवन लागलेलं, त्ये वाळून गेलं. मी दारातनं ऐकत व्हते. त्या फोनमदनं गाडी खोकल्याचा आवाज येत व्हता, खरंच खोकल्यासारका, धाप लागल्यासारका.

"गाडीला हवा कमी पडतीय," ह्ये म्हनले. "पेट्रोल हाय तेवडंच चाललंय आनि हवा निम्मी. कार्बोरेटरच्या बाजूला हवेचा बारका स्क्रू हाय बग. त्यो अर्धा फेरा भाईर घे. अर्धाच. आता चालू कर. थांब. आजून येवडासा. आता रेस दे."

आनि खोकला थांबला. गाडीनं साफ आवाज धरला. तिकडं दोगंबी वरडले आनंदानं, आनि त्या आनंदात फोन कट झाला. ह्ये फोन कानाला लावून तसेच. मंग माज्याकडं बगून म्हनले, "हवा किती पातळ हाय, आवाजातबी कळतंय." हात धुतले आनि निगून गेले. ताटात अर्धी भाकरी ऱ्हायली.

आमच्याकडं शपथ सोडवता येती. ल्हानपनी शाळेत चिंचा-बोरांवरनं शपथा घालायचो आनि मंग 'शपथ सुटली' म्हनायचो की झालं. ज्येनं घातली त्येनं म्हनायचं, येवडंच. त्या दिवशी संध्याकाळी आत्या डाळ निवडत व्हत्या, मी त्येंच्यापाशी बसले.

"आत्या, लेकराची शपथ असली तर ती बी सुटली म्हनलं की सुटती का ओ?"

"घातली कुनी?"

"मी."

"मंग तूच म्हन." डाळीतला खडा काडून त्येंनी भाईर टाकला. "पन पोटात काय ठिवून म्हनू नको. पोटात ठिवून म्हनलं तर वरची सुटती, आतली तशीच ऱ्हाती."

त्येंना काय ठावं व्हतं का नुसती रीत सांगितली, मला आजपतूर कळलं न्हाय. पन माजी जीभ तितंच बांदली गेली. सुटली म्हनायचं म्हंजे आदी सांगावं लागनार, मी नाटक केलं व्हतं.

दोस्त परत आले, काळे पडून, ओठ फुटून. क्लार्क सहसा बोलत न्हाय, त्यो म्हनला, ऑगस्टात बार्शीचे चौगं चाललेत, सांगत असशील तर नाव देतो. ह्ये म्हनले, बगू. बगू म्हनताना माज्याकडं बगितलं न्हाय. मी चहा गाळत व्हते. तवा म्हनायचं व्हतं मला. चहा गाळला, कप दिले, कप धुतले, आनि म्हनलं न्हाय. मंग लेकीला ताप आला, तीन दिवस उतरंना. शपथ कुनी मोडली नव्हती, तरी मला वाटलं, खोटी घातली म्हनून ह्ये. मी फरशीवर बसून तिच्या डोस्क्यावर घड्या ठिवत व्हते आनि मनात म्हनत व्हते, सुटली, सुटली, सुटली. मनातल्या मनात म्हनून काय उपयोग. ताप उतरला, साधा दाताचा ताप व्हता. बार्शीचे चौगं गेले आनि आले.

दसरा झाला. मोबाईलवर आलं की वर बर्फ पडाय लागला, आता रस्ता बंद व्हनार. त्येच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ह्ये दारात बसून लेकीची नखं कापत व्हते. ती आता हुबी ऱ्हात व्हती, धरून धरून. मी म्हनलं, मला एक सांगायचंय. आनि सांगितलं. घाई घाईत सांगितलं, मदी थांबले असते तर ऱ्हायलं असतं. दम उतरला व्हता, मी खोटं वडत व्हते, बॅगा बगून केलं.

"मला ठावं हाय," त्ये म्हनले. नखं कापायचं थांबले न्हाईत.

"कसं काय?"

"तुजी नखं. डाक्टरनं बाळंतपनात सांगितलं व्हतं, नखं निळी पडली की आनायचं. मी आलो तवा निळी व्हती. तू माजा हात धरलास तवा गुलाबी झालेली."

लेक पाय झाडत व्हती, त्येंनी तिचा पाय धरला.

"मंग शपथ का घेतली?"

"येवडं नाटक केलंस म्हंजे किती भ्याली असशील." करंगळीचं नख ऱ्हायलं व्हतं, त्ये कापलं. "आनि हात तर तू ठिवलाच व्हतास तिच्या डोस्क्यावर. तितं हात ठिवून मी न्हाय म्हनलो असतो, तर त्ये तिलाच लागलं असतं की."

मी म्हनलं, "सुटली."

त्ये म्हनले, "बरं."

कापलेली नखं कागदात गोळा करून त्येंनी टाकून दिली आनि लेकीला घिऊन भाईर गेले. मी तितंच बसले. आता मला कळतं, मी बर्फ पडायचीच वाट बगत व्हते. रस्ता बंद झाल्यावर सुटली म्हनले मी. तवर चार म्हैने तोंड उगडलं न्हाय.

मनात धरलं व्हतं, फुडच्या उनाळ्याला आपुनच जा म्हनायचं. म्हनलं बी. ह्या मार्चात दोस्तांनी पुन्हा बेत काडला, तवा त्येंच्या म्होरंच मी म्हनलं, ह्येंची बी गाडी धरा. टॉवेलवाला म्हनला, "बग, वैनीनं पासपोर्ट दिला." ह्ये हसले, साधं हसले, आनि म्हनले, "न्हाय रं. दोनच धरा."

त्ये गेल्यावर मी म्हनलं, अवो, सुटलीय की. मी खरं म्हनते, जावा तुमी. माजा दमा आता कमी हाय, तीन तीन पंप हायत, आत्या हायत.

"सुटलीय गं. शपथेचं न्हाय त्ये."

"मंग?"

"त्या खिंडीत रेंज नसती. लाचुंग पासनं पांगपतूर न्हायच. पयल्यांदा ठरवलं तवा मला त्येचं काय वाटलं नव्हतं. आता वाटतं. तितं पोचलो तरी मी फोनकडंच बगत बसंन."

माज्याकडं जी भीती व्हती ती मी त्येंना दिऊन बसले. ती काय शपथ न्हाय, ती सुटली म्हनून सुटत न्हाय. त्येंच्या तोंडावर ती दिसली मला, माजीच भीती, आरशात बगितल्यागत. दमा मला हाय, त्येंना तर बर्फात बसताना बी दम लागला नव्हता. आता मी फोन उचलायला येळ केला तरी त्येंचा आवाज चढतो.

परवा रविवारी टॉवेलवाल्याची गाडी आमच्या अंगनात आनली व्हती, जायच्या आदी सगळी खोलून साफ करायला. त्यो पेट्रोल आनायला गेलता. ह्येंनी इंजिन लावलं, कार्बोरेटरपाशी उकिडवे बसले आनि मला हाक मारली, "ये गं, रेस धर जरा. सोड म्हनंपतूर सोडू नको." आदी गाडी वळवून सायलेन्सर बोळाच्या अंगाला केला, माज्याकडं धूर यिऊ नये म्हनून. मी कदी गाडीच्या हँडलला हात लावला नव्हता. धरलं. गाडी हातात थरथरत व्हती, आवाज वाढला तसा मी भ्याले, पन सोडलं न्हाय. ह्ये कान इंजिनापाशी नेऊन, डोळे मिटून ऐकत व्हते. लई येळ ऐकत ऱ्हायले. लेक दारातनं बगत व्हती. माजं मनगट दुखाय लागलं, आनि ह्ये आजून सोड म्हनत नव्हते.